सत्ताविसाव्या ओळीची तीट

देवास,
९ जुलै २००१

तीर्थरूप सुभद्रा आत्यास,
जान्हवीचा वाकून नमस्कार, आणि लगेच पदर खोचून, कारण काम आहे.

हिंदीत लिहिलेलं पत्र तू न वाचता परत पाठवतेस म्हणून हे मराठीत लिहिते आहे. चुका सापडतील. लाल पेन हातात घेऊ नकोस, शाळा सुटून तुला आठ वर्षं झाली.

आमच्या औषध कारखान्यात पॅकिंग हॉलला शिफ्ट इंचार्ज नेमायचा आहे. मी या हॉलमध्ये चौदा वर्षं आहे. दोनदा माझं नाव वरपर्यंत जाऊन परत आलं, आणि दोन्ही वेळा बाहेरून आणलेल्या माणसाला काम शिकवलं ते मीच. या वेळी मला ती जागा हवी आहे. कोणी दिली तर घेईन अशी नाही, हवीच आहे.

आता गंमत ऐक. पर्सोनेल ऑफिसमध्ये अक्षदा मॅडम म्हणून एक नवीन बाई आल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की नुसतं काम येतं का, एवढंच बघून इंचार्ज नेमायचा नाही. माणसाला आपली ताकद कळते का, आपलं आणि समोरच्याचं मन कळतं का, हेही बघायचं. त्यासाठी चाळीस वाक्यांचा एक फॉर्म आहे. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच यांतला आकडा लिहायचा. पाच म्हणजे अगदी खरं, एक म्हणजे मुळीच नाही. पहिला भाग आपला आपण भरायचा. दुसऱ्या भागात तीच चाळीस वाक्यं आपल्याला दहा वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या घरच्या माणसाने भरायची आणि बंद पाकिटात थेट ऑफिसला पाठवायची. आमच्या लग्नाला नऊच वर्षं झाली, त्यामुळे शंतनू नियमाने सुटला. आई गेल्यापासून मला तूच वाढवलंस, तेव्हा तुझंच नाव दिलं आहे. दुसरा भाग सोबत जोडला आहे.

माझा भाग भरायला मी जेवण आटोपून बसले आणि चाळीस वेळा 'तीन' लिहून उठले. 'मैं कठिन समय में धीरज रखती हूँ.' ठेवते की, पण असं आपणच कसं लिहायचं? आपल्या घरात स्वतःचं कौतुक करायला कोणी शिकवलं आहे? तरुण नावाचा मुलगा आहे, त्याला मशीनवर हात धरून मीच शिकवलं. त्याचाही अर्ज आहे. त्याने चहाच्या सुट्टीत बत्तीस ठिकाणी पाच लिहून टाकले आणि वर विचारतो, "दीदी, आपका हो गया?"

फॉर्म ३१ तारखेपर्यंत द्यायचा आहे. काय लिहू?

तुझी,
जान्हवी

*

धार,
१५ जुलै २००१

चि. सौ. जान्हवीस,
सुभद्रेचे अनेक आशीर्वाद, आणि चाळीस तिनांबद्दल पाठीत एक धपाटा.

सगळीकडे तीन म्हणजे नम्रपणा नव्हे, कामचुकारपणा आहे. दरजीकामात याला 'सगळ्यांना होईल असा झगा' म्हणतात आणि तो कोणालाच होत नाही.

आय.टी.आय.त मी सव्वीस वर्षं पोरींना शिवण शिकवलं. पहिल्या दिवशी प्रत्येक पोरीला फीत देऊन सांगायचे, आपलं आपण माप घ्या. सगळ्याजणी पोट आत ओढून घ्यायच्या. एकीचंही खरं माप यायचं नाही. काही लाजाळू पोरी उलट फीत सैल धरायच्या, आपण मापात बसतो की नाही अशी धाकधूक असायची म्हणून. तू त्या सैलवाल्यांतली. तो तुझा तरुण पोट ओढणाऱ्यांतला.

म्हणून मी नियम केला होता: अंदाजाने आकडा लिहायचा नाही, फीत लावायची. तुझ्या फॉर्मला फीत कसली? घडलेली गोष्ट. 'मी धीर धरते' असं वाक्य असेल तर कधी धरला ते आठव. दिवस, जागा, समोर कोण होतं, सगळं. गोष्ट आठवली तर चार किंवा पाच लिही. डोकं खाजवूनही आठवली नाही तर दोन लिही आणि पुढे जा. लाज वाटायचं कारण नाही, कारण तू कौतुक करत नाहीस, झालेलं सांगते आहेस. आपल्या आजोबांनी दरबारचे अंगरखे शिवले, पण राजाचं पोट त्यांनी कधी कमी लिहिलं नाही.

माझा भाग मी भरला आणि काल टपालात टाकलासुद्धा. आकडे विचारू नकोस. चांगलंच लिहिलं आहे, आणि दृष्ट लागू नये म्हणून करायचं तेही केलं आहे.

शेजारच्या नीतूकडे फोन आला आहे. तिचा नंबर पाठीमागे लिहिला आहे, पण फार लागलं तरच कर. तिथे बोलायला लागलं की घरातले सगळे कान देऊन बसतात.

तुझी आत्या

*

देवास,
२९ जुलै २००१

ती. आत्यास नमस्कार.

तुझ्या फितीने काम केलं. चार दिवस लागले, पण चाळीसही वाक्यं झाली.

आठव्या वाक्याला (मी बारकाईने काम करते) मला तो शनिवार आठवला. खोक्यावरची तारीख आणि पट्टीवरची तारीख जुळत नव्हती. मी गाडी भरायची थांबवली आणि मॅनेजर ओरडत असताना खोके उघडायला लावले. लिहिले पाच. पंधराव्याला (संकटात मी गडबडत नाही) इंदूचा हात पट्ट्यात अडकला होता तो दिवस. सगळ्या पोरी किंचाळत होत्या, मी बटण बंद केलं आणि तिच्याशी तिच्या गावच्या जत्रेबद्दल बोलत राहिले, हात निघेपर्यंत. पाच. मग मात्र एकोणिसावं आलं: मी इतरांचं मोकळेपणाने कौतुक करते. आत्या, बसले बसले, एक गोष्ट आठवेना. दोन लिहिले. घरचं वळण!

आणि सत्ताविसावं. 'क्रोध के समय मैं संयम रखती हूँ.' इथे तर पाचच. गोष्टही पक्की आहे. फेब्रुवारीत तरुणने सगळ्या हॉलसमोर, मॅनेजर उभे असताना, माझ्या रजिस्टरमधली चूक दाखवली. शिकवलेल्या माणसाने! दुसरी असती तर तिथेच भांडली असती. मी अकरा दिवस त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. कामाचं काही असलं तर इंदूमार्फत निरोप. आवाज चढवला नाही, तोंडातून वावगं काही काढलं नाही. याहून संयम कोणता असतो?

फॉर्म परवा देते. पहिल्यांदाच असं वाटतंय की मी त्या खुर्चीत बसण्यासारखी आहे. हे तुझ्यामुळे.

जान्हवी

*

देवास,
९ ऑगस्ट २००१

सुभद्रा आत्यास,

आज अक्षदा मॅडमनी बोलावून दोन्ही भाग शेजारी ठेवून दाखवले. तू एकोणचाळीस ठिकाणी पाच दिले आहेस. सत्ताविसाव्याला एक दिला आहेस. मी तिथे पाच दिले आहेत.

मॅडम म्हणाल्या, बाकीचं बहुतेक जुळतं, हे का जुळत नाही? ज्या बाई सगळीकडे पाच देतात त्यांनी इथे विचार करूनच एक दिला असेल. २८ तारखेच्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच असणार आहे.

हॉलमध्ये सेहेचाळीस पोरी आहेत. रागीट बाईला कोण इंचार्ज करेल? चौदा वर्षांत मी एकदाही ओरडले नाही, हे साऱ्या कारखान्याला माहीत आहे. तुलाच माहीत नव्हतं.

जास्त लिहीत नाही.

जान्हवी

*

धार,
१३ ऑगस्ट २००१

चि. सौ. जान्हवीस आशीर्वाद.

अगं, ती तीट होती!

चाळीस ओळी पाचांनी भरल्या आणि कागद इतका गोजिरा दिसायला लागला की माझंच मन चरकलं. तान्ह्या बाळाला नटवून बाहेर नेताना गालावर काजळाचं बोट लावतो ना, तसं एक बोट लावलं. डोळे मिटून कागदावर टेकवलं, ते सत्ताविसावर पडलं. तिथे पाच खोडून एक केला. बस, इतकंच. ऑफिसातल्या बाईंना तीट कळत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. म्हातारीची चूक झाली.

सांगशील तर मी स्वतः देवासला येऊन त्या मॅडमना समजावते. सकाळची इंदूरची बस धरली तर दुपारपर्यंत पोचेन. उलट टपाली कळव.

तुझी आत्या

*

धार,
२२ ऑगस्ट २००१

चि. जान्हवी,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. काल दुपारी तीन वाजता नीतूकडून फोन केला. शंतनूरावांनी उचलला आणि म्हणाले, ती आंघोळीला गेली आहे. बिचारे नीट खोटंही बोलू शकत नाहीत. मागे तुझा खोकला ऐकू येत होता.

घरी आले आणि तुझं जुलैचं पत्र पुन्हा काढून वाचलं. ते अकरा दिवसांचं. पहिल्यांदा वाचताना मी हसले होते, काल हसू आलं नाही. म्हणून आता खरं लिहिते. मागच्या पत्रात मी लबाडी केली.

तीट लावायची होती हे खरं. डोळे मिटले होते हे खोटं. चाळीस वाक्यांतून मी ते शोधून काढलं. बारावीत नापास झालीस तेव्हा मी बोलले म्हणून तू माझ्याशी दीड महिना बोलली नव्हतीस. शंतनूरावांच्या स्थळाच्या वेळी वीस दिवस. आता हे नऊ. तू ओरडत नाहीस, कबूल. पण तू माणसाला घराबाहेर उभं करून आतून कडी लावतेस. बाहेरच्याला कळत नाही की किती दिवस उभं राहायचं आहे. त्याला मी संयम कसं म्हणू?

आता पुढचंही लिहिते, कारण ही विद्या तुला शिकवली कोणी?

१९८२ साली मला इंदूरच्या शाळेत विभागप्रमुखाची जागा आली होती. 'येते' असं पत्र लिहून मी ते तुझ्या बाबांकडे टाकायला दिलं. ते वेळेवर पोचलंच नाही. जागा दुसरीला गेल्याचं इंदूरहून कळलं. मी बापूला, माझ्या सख्ख्या भावाला, विचारलं नाही. भांडलेही नाही. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद केलं. एका घरात राहून! 'जानू, बाबांना सांग पान वाढलं आहे.' 'जानू, बाबांना विचार भाजी कोणती आणायची.' चौदा वर्षांची पोर तू, स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामध्ये निरोप वाहायचीस. पुढे तू देवासला गेलीस, बापूची बदली धरमपुरीला झाली, निवृत्त होऊन तो तिथेच राहिला. एकोणीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, सुभद्राबाई किती शांत.

तू इंदूमार्फत निरोप दिलेस ना? आमच्या घरात ती इंदू तू होतीस.

तुझा फॉर्म घेऊन बसले होते तेव्हा मी मनातल्या मनात माझाही भरला. सत्ताविसाव्याला एकच आला. मग तो आकडा हातून तुझ्या कागदावर उतरला. माप माझं होतं, शिवलं तुझ्यावर. पण जान्हवी, ते तुला बसलं आहे.

मुलाखतीला सहा दिवस आहेत. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. त्या मुलाशी बोल. त्याला विचार, त्या अकरा दिवसांत कडीच्या बाहेर काय झालं?

तुझी आत्या

*

देवास,
३ सप्टेंबर २००१

ती. आत्यास,

तुझं पत्र २४ ला आलं. मी ते डब्यांच्या फळीवर ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याशीही बोलले नाही. रविवारी उघडलं. वाचून खूप रडले, मग रागावले, मग पोळ्या केल्या. तू मला निरोप्या केलंस याचा राग अजून आहे. तो तुला सांगते आहे, म्हणजे तुझ्या हिशेबात निदान दोन तरी मिळायला हरकत नाही.

सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तरुणला मशीनपाशी गाठलं. म्हटलं, फेब्रुवारीत मी तुझ्याशी बोलत नव्हते तेव्हा काय झालं ते सांग. तो आधी "कुछ नहीं दीदी, पुरानी बात है" करत राहिला. मी हलले नाही. मग खाली बघून म्हणाला, "दीदी, तीन नंबर मशीन की प्लेट ठंडी पड़ रही थी. मैंने माल बिगड़ने से दो दिन पहले देख लिया था. आपको बोलने आया तो आपने मुंह फेर लिया. इंदू से क्या कहलवाता? मैंने सोचा, जाने दो."

आत्या, तुला सांगायला हवं. आमच्या गोळ्या पट्टीत बंद होतात ते त्या तापलेल्या प्लेटमुळे. प्लेट थंड पडली तर पट्टी नीट चिकटत नाही. मार्चमध्ये अख्खा माल तपासणीत अडकला. अकरा हजार पट्ट्या हातांनी फोडायला लागल्या. सेहेचाळीस पोरी दोन रविवार घरी गेल्या नाहीत. इंदूच्या बहिणीचा साखरपुडा बुडाला. मी त्या पोरींबरोबर बसून पट्ट्या फोडल्या आणि मनात त्या मशीनला शिव्या देत होते. तो बिघाड मशीनचा नव्हता, माझा होता.

२८ ला मुलाखत. समोर तिघेजण. अक्षदा मॅडमनी दोन्ही आकडे वाचले आणि विचारलं, कोणाचा खरा? तुझी तीट पुढे करता आली असती. तिघेही हसले असते आणि विषय संपला असता. मी म्हटलं, आत्याचा. मग मार्चचं सगळं सांगितलं. तरुणचं नाव घेतलं नाही. म्हटलं, मशीनची खबर माझ्यापर्यंत यायला निघाली होती, मी तिला आत येऊ दिलं नाही. मॅडमनी विचारलं, मग आता फॉर्ममध्ये आकडा बदलायचा का? मी म्हटलं, पाच राहू द्या, शेजारी लिहा की बाईंना जुलैत असं वाटत होतं.

शनिवारी यादी लागली. जागा तरुणला मिळाली.

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर काहीतरी चांगलं होईल. यादीसमोर उभी राहिले आणि छातीत आग लागली. ओठ आपोआप मिटले, अगदी लहानपणापासूनच्या सवयीने. तरुण कोपऱ्यात उभा होता, त्याचा चेहरा पडलेला. मला कळलं, हा आता मोजायला लागलाय, या वेळी किती दिवस? मी त्याच्यासमोर गेले आणि म्हटलं, "तरुण, मला खूप राग आला आहे. जागा मला हवी होती. तुझी चूक नाही, पण तुला सांगते आहे. सोमवारी सकाळी तीन नंबरची प्लेट आपण दोघं बघू." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "दीदी, आप चिल्ला लो, डांट लो, बस चुप मत होना."

जागा गेली, आत्या. दुःख आहे. पण पुढच्या वर्षी दुसरा हॉल उघडणार आहे आणि मी पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी कोरा फॉर्म हातात आल्यावर तीनही लिहिणार नाही आणि पाचही. आधी सहा महिने गोष्टी घडवणार आणि मग आकडे लिहिणार.

सोबत एक कोरा फॉर्म पाठवते आहे. हा तुझ्यासाठी. पहिला भाग तू मनात भरलाच आहेस. दुसरा भाग दहा वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या घरच्या माणसाने भरायचा असतो, हे लक्षात आहे ना? ते माणूस धरमपुरीला असतं.

तुझी,
जान्हवी

*

देवास,
२४ फेब्रुवारी २००२

ती. आत्यास नमस्कार.

दिवाळीत आले, तुझ्या हातचे अनारसे खाल्ले, संक्रांतीला तुझे तिळगूळ आले, दर महिन्याला पत्रं आली, आणि एकाही पत्रात त्या कोऱ्या फॉर्मबद्दल चकार शब्द नाही. आता अबोला कोण धरून बसलंय?

माझी बातमी अशी. दुसऱ्या हॉलची इंचार्ज मी झाले. १ मार्चपासून.

या वेळी नियम बदलला होता. दुसरा भाग बरोबर काम करणाऱ्याने भरायचा होता. मी तरुणकडे दिला. सत्ताविसाव्याला त्याने चार दिले आणि शेजारी हिंदीत गोष्ट लिहिली: नाराज होती हैं तो बता देती हैं, फिर काम की बात करती हैं. मी स्वतःला तीन दिले होते. या वेळचे तीन मोजून लिहिले होते, आत्या, कारण डिसेंबरात एकदा दीड दिवस माझी कडी लागली होती. मॅडम म्हणाल्या, पहिल्यांदाच असा फॉर्म पाहिला ज्यात बाहेरच्याने जास्त दिले आणि स्वतःला कमी देण्यामागे तारीख आहे.

नव्या हॉलमध्ये पोरींसाठी मी एक रीत ठरवली आहे. शिफ्ट संपताना प्रत्येकीने शेजारणीची एक चांगली गोष्ट मोठ्याने सांगायची आणि कोणाचा राग आला असेल तर तोही. कामाच्या वेळेतच, पाच मिनिटं. पहिल्या दिवशी नुसत्या खिदळतील. मीही तुझ्या वर्गात खिदळले असते.

एकोणिसावं वाक्य आठवतं? मी इतरांचं मोकळेपणाने कौतुक करते. तिथे मला एक गोष्ट हवी आहे, म्हणून लिहिते: सुभद्रा आत्या, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आपलं खरं माप लिहून पाठवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. ते पत्र मला त्या खुर्चीपेक्षा मोठं आहे.

पण अर्धंच आहे. धरमपुरीला जा.

जान्हवी

*

धरमपुरी,
६ मार्च २००२

चि. सौ. जान्हवीस,
इंचार्ज बाईंना आत्याचा आशीर्वाद, आणि त्या खुर्चीलाही.

गावाचं नाव बघून दचकली असशील. काल मंगळवारी आले. भाऊबीजेची वाट पाहिली असती तर पुन्हा मानपानावर गेलं असतं, म्हणून साधा वार धरला. धामनोदला बस बदलली. पिशवीत दोन लुगडी, औषधाची बाटली आणि तुझा फॉर्म. अख्ख्या वाटेत पहिलं वाक्य जुळवत होते आणि त्याच्या दारात उभी राहिले तेव्हा ते विसरले.

बापू पायरीवर बसून चष्म्याच्या दांडीला दोरा बांधत होता. वर बघून तो दोरा तसाच धरून राहिला. मी म्हटलं, "बापू, मला तुझा राग आला होता." नमस्कार नाही, काही नाही, हेच निघालं तोंडातून. तो म्हणाला, "अक्का, आत तरी ये."

मग विचारलं. वीस वर्षांनी विचारलं. त्याने सांगितलं, ते पत्र त्याने पंधरा दिवस खिशात ठेवलं होतं. अक्का इंदूरला गेली तर जानूला कोण बघणार, एवढंच डोक्यात होतं. तोंडाने म्हणायची लाज वाटली. मग मन खायला लागलं म्हणून टाकलं, तोवर जागा गेलेली. मला सांगायला स्वयंपाकघरात आला तर मी पाठ फिरवली. म्हणाला, "चूक माझीच. पण तू एकदा विचारशील म्हणून मी रोज ओसरीवर थांबायचो. जानू यायची निरोप घेऊन." मी चिडले, ओरडले, तुझ्या त्या पर्सोनेलवाल्यांनी पाहिलं असतं तर शून्य दिला असता. त्यानेही ऐकून घेतलं आणि मग चहा केला. साखर जास्त घालतो अजून.

जागेचं दुःख गेलं असं म्हणणार नाही. ती मला हवी होती, तुझ्यासारखीच. पण त्या खिशात तुझं नाव होतं हे मला वीस वर्षं माहीत नव्हतं, आणि ते कळायला एक प्रश्न पुरला असता.

आज सकाळी मी त्याच्यासमोर तू माझ्यासाठी पाठवलेला फॉर्म ठेवला. नदीवरून नाव सुटायची होती, त्याला पलीकडे काम होतं, तरी तो बसला. दोऱ्याचा चष्मा नाकावर, एकेक वाक्य मोठ्याने वाचून आकडा घालत गेला. तासाभराने कागद माझ्या हातात दिला. चाळीसच्या चाळीस पाच. सत्ताविसाव्यालासुद्धा!

मी म्हटलं, "बापू, हे खरं माप नव्हे. आणि सगळे पाच लिहायचे नसतात रे, दृष्ट लागते. एक तरी तीट लाव."

त्याने चष्मा काढला, पेनाला टोपण घातलं आणि म्हणाला, "अक्का, वीस वर्षं लावून झाली."

तुझी,
आत्या